ज्यांचा दाणा आपल्यावर



गेल्या हिवाळ्यात हनुक्काचे दिवे आटोपले आणि आम्ही उभयता धाकट्या लेकीकडे सिंगापूरला दोन महिने राहून आलो. परतल्यावर ओळखीची मंडळी विचारू लागली, काय काय पाहिलेत? वॉटरलू स्ट्रीटवरचे १८७८ सालचे मागेन अबोथ सिनेगॉग पाहिले, तिथे शब्बाथची तेफिल्ला केली, समुद्रकाठच्या उंच इमारती पाहिल्या. पण खरे सांगायचे तर सर्वांत जास्त वेळ आम्ही पाहत बसलो ते क्लेमेंटीतल्या एका कोंबडीला आणि तिच्या सात पिल्लांना. ज्याची सारी हयात शाळेत मुलांना शिकवण्यात गेली त्याला पिल्ले काय खातात, ती कशी शिकतात, त्यांना कोण शिकवते, हे बघण्याचा कंटाळा येत नाही. त्या पिल्लांवरून आम्हांला कोकणातले आमचे खुराडे आठवले, मिश्नातला एक नियम आठवला आणि लहानपणी आमच्या हातून घडलेली एक चूकही आठवली. ते सगळे आज क्रमाने सांगतो.

क्लेमेंटीचे कोंबडे

क्लेमेंटी हा सिंगापूरच्या पश्चिमेकडचा भाग. नाव इंग्रजी अमदानीतले, एका गव्हर्नराच्या नावावरून पडलेले. आज तिथे सरकारी हाऊसिंग बोर्डाच्या उंच इमारती आहेत. हे बोर्ड १९६० साली स्थापन झाले आणि १९७० नंतरच्या दहा वर्षांत क्लेमेंटीची ही वसाहत उभी राहिली. त्याआधी त्या बाजूला मळे होते आणि कांपुंग होते. कांपुंग म्हणजे मलय भाषेत खेडे. झावळ्यांनी शाकारलेली घरे, परसात केळी, नारळ आणि मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या. आपल्या अष्टागरातल्या एखाद्या वाडीचेच वर्णन वाटावे असे ते होते. लोक इमारतींत राहायला गेले. फ्लॅटमध्ये कोंबड्या पाळायला परवानगी नाही. खुराडी गेली, पण 'कांपुंग कोंबडी' हा शब्द राहिला. बाजारात आजही तो चालतो आणि त्याचा अर्थ आपल्या 'गावठी कोंबडी'पेक्षा तसूभरही वेगळा नाही.

शब्दाबरोबर काही कोंबड्याही राहिल्या. सिंगापूरच्या अनेक वस्त्यांत आज मोकळ्या कोंबड्या हिंडतात. काही जुन्या गावठी कोंबड्यांच्या वंशातल्या, काही कुणी हौसेने आणून सोडून दिलेल्या, आणि काहींच्या अंगात खऱ्या रानकोंबड्याचे रक्त. रानकोंबडा हा त्या प्रदेशाचा मूळ रहिवासी. त्याचे पाय राखाडी असतात आणि कानाजवळ पांढरा ठिपका असतो. दोन्ही जातींची इतकी सरमिसळ झालेली आहे की रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला कोण रानातला आणि कोण परसातला, हे सहज सांगता येत नाही.

आमच्या लेकीच्या इमारतीखाली असाच एक कोंबडा होता. सिंगापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, हा पठ्ठ्या साडेपाचलाच सुरू व्हायचा. आम्ही सकाळच्या प्रार्थनेत सेख्वीला रात्र आणि दिवस ओळखण्याची बुद्धी देणाऱ्याचे आभार मानतो. सेख्वी म्हणजे कोंबडा, असे आपले गुरुजन सांगत आले. तो रोज आमच्या तेफिल्लेला आठवण करून द्यायचा. जावयांची मात्र झोपमोड व्हायची. ही तक्रार त्यांच्या एकट्याची नाही. २०१७ साली सिन मिंग नावाच्या वस्तीत रहिवाशांच्या आवाजाच्या तक्रारींवरून सरकारी खात्याने २४ मोकळ्या कोंबड्या मारल्या आणि त्यावरून सिंगापूरभर मोठा वाद झाला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे मराठी माणसाला माहीत आहे. तिथे ते वर्तमानपत्रांतून चर्चिले गेले.

आमच्या कोंबडीने कालव्याच्या बाजूला झुडपांत अंडी उबवली होती. एका सकाळी ती सात पिल्ले घेऊन हिरवळीवर आली. आम्ही आदल्या रात्रीचा उरलेला भात वाटीत घेऊन खाली गेलो आणि फेकणार, एवढ्यात नऊ वर्षांच्या नातवाने आमचा हात धरला. तो आम्हांला हिब्रूत सबा म्हणतो, घरी हिब्रू आणि इंग्रजी बोलतो, शाळेत मँडरिन शिकतो, मराठी त्याला मोजके दहा-बारा शब्द येतात. तो म्हणाला, "सबा, नको. ही आपली नाहीत."

त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. तिथे २०२० सालापासून वन्य पशुपक्ष्यांना खाऊ घालण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आयते खायला मिळाले की प्राणी एका जागी गर्दी करतात, माणसाच्या मागे लागतात, रोग पसरतात, हे त्यामागचे कारण. आम्ही वाटी घेऊन मुकाट्याने वर आलो. पण त्याचे शेवटचे वाक्य मनातून जाईना. ही आपली नाहीत. मग आपली कोणती? आणि कोंबडी आपली झाली तरी कधी?

दाण्यामागे आलेला पक्षी

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने अलीकडेच बरेचसे दिले आहे. आजच्या सगळ्या कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विनने फार पूर्वी सांगून ठेवले होते. तो बांबूच्या रानात राहतो, रात्री झाडावर बसतो, दिवसा पाचोळा उकरून बी, किडे, वाळवी आणि गळलेली फळे खातो. तो माणसाजवळ का आला? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची आहेत, ख्रिस्तपूर्व सुमारे १६५० ते १२५० या काळातली. त्या प्रदेशात माणसे तेव्हा जिरायती भात आणि बाजरीसारखी बारीक धान्ये पिकवू लागली होती. शेतात सांडलेले दाणे आणि कोठारांभोवतीचा पसारा पाहून रानकोंबडी झाडावरून उतरून माणसाच्या अंगणात आली, असे हे संशोधक मानतात.

म्हणजे पाहा, गाय-बैलासारखे तिला दावे लावून कुणी आणले नाही. तांदळाच्या दाण्यामागे ती आपल्या पायांनी आली. पहिला दाणा टिपून झाल्यावर मग खुराडे आले, अंडे आले, सुरी आली.

आपल्या एरेत्स इस्राएलात ती बरीच उशिरा पोचली. तोरात कोरबानासाठी कबुतर आणि पारवा सांगितले आहेत, कोंबडीचा उल्लेख त्यांत नाही. यरुशलेमच्या उत्तरेस तेल एन-नस्बे इथे १९३२ साली एक छोटी मोहर सापडली. तिच्यावर याअझन्याहू या राजसेवकाचे नाव आणि खाली झुंजीच्या पवित्र्यातला कोंबडा कोरलेला आहे. ती ख्रिस्तपूर्व सुमारे ६०० सालची. तोवर कोंबडा आला होता, पण बहुधा झुंजीचा आणि कौतुकाचा पक्षी म्हणून. घरोघर खाण्यासाठी कोंबड्या पाळल्या जाऊ लागल्याचा भक्कम पुरावा मिळतो तो मारेशाला. आपल्यातल्या जी मंडळी किर्यात गातच्या आसपास राहतात, त्यांना बेथ गुव्रीनजवळची मारेशाची लेणी ठाऊक असतील. तिथे ख्रिस्तपूर्व चौथ्या ते दुसऱ्या शतकांतली कोंबड्यांची हाडे मोठ्या संख्येने मिळाली. त्यांत माद्या जास्त, नर कमी, आणि सुरीच्या खुणा. हैफाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हे प्रसिद्ध केले. पूर्व आशियाबाहेर कोंबड्यांचा असा घरगुती उपयोग इतक्या जुन्या काळी दिसल्याचे त्यांनी नोंदवले.

आता आपल्या परंपरेचा काळ आठवा. केहिमकरांनी आपल्या इतिहासात नोंदवलेल्या कथेप्रमाणे ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. सालाबद्दल पंडितांत मतभेद आहेत, ते असोत. पण ती परंपरा धरली तर मारेशाच्या घरांत कोंबड्या नांदत होत्या त्याच काळात आपले लोक गलबतात बसले. आणि उतरले कुठे, तर भाताच्या खाचरांच्या देशात, जिथे परसात कोंबडी होतीच. आपल्या त्या पहिल्या आज्यांनी तोच पक्षी नव्या देशात उकिरडा उकरताना पाहिला असेल, तर त्यांना केवढा धीर आला असेल!

मिश्नातल्या कोंबड्या

कोंबडीचे खाणे किती बारकाईने पाहिले गेले होते, हे मिश्ना वाचताना कळते. बाबा कम्मा या भागात सांगितले आहे की यरुशलेमात कोंबड्या पाळू नयेत, पवित्र वस्तूंच्या रक्षणासाठी. कारण राशी उलगडून सांगतात. कोंबडी उकिरडा उकरते. उकरताना अशुद्ध जिवाचे मसुराएवढे हाड चोचीत धरून भलतीकडे नेऊन टाकेल आणि कोरबानाचे मांस अशुद्ध होईल. त्याच ग्रंथात दुसरीकडे कोंबडीने चालता चालता भांडे फोडले तर मालकाने किती भरपाई द्यावी, आणि उकरताना फोडले तर किती, असा भेदही केलेला आहे. चालणे वेगळे, उकरणे वेगळे! ज्याने परसातली कोंबडी तासन् तास पाहिली नाही, त्याला हे सुचणार नाही.

पण आमच्या नातवाच्या वाक्याचे उत्तर शब्बाथच्या मिश्नात मिळते. शब्बाथच्या दिवशी जनावरांना किती आणि कसे खाऊ घालावे, याची तिथे चर्चा आहे. मधमाश्यांपुढे आणि ढाबळीतल्या कबुतरांपुढे पाणी ठेवू नये, पण हंस, कोंबड्या आणि घरात वाढवलेली कबुतरे यांच्यापुढे ठेवावे, असा निर्णय दिला आहे. गेमारा विचारते, हा भेद का? उत्तर असे की मधमाशी आणि ढाबळीतले कबुतर रानात जाऊन आपले पोट आपण भरतात. कोंबडीचा दाणा तुझ्यावर आहे. ज्याचे पोट तुझ्यावर अवलंबून, त्याच्यासाठी शब्बाथच्या दिवशीही थोडी खटपट करायला हवी. जो आपले पोट आपण भरतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

वाचकहो, सिंगापूरच्या कायद्यात आणि या नियमात आम्हांला फारसे अंतर दिसले नाही. नातवाने आमचा हात धरला, त्याने न कळत गेमारातलाच प्रश्न विचारला होता. या पिल्लांचा दाणा कोणावर?

कण्या, कोंडा आणि वाळवी

आमच्या लहानपणी हा प्रश्न पडत नसे. रेवदंड्याच्या वाटेवरच्या गावात आमचे घर होते. मागल्या दारी खुराडे, त्यात आठ-दहा कोंबड्या. आमची आजी, जिला सगळा गाव बाय म्हणत असे, पहाटे उठून खुराड्याची फळी काढायची आणि सुपातल्या कण्या अंगणात फेकायची. तोवर स्वतः चहाचा घोट घेत नसे. आधी जनावराला चारा आणि मग आपण जेवायचे, हे देवारीम या पुस्तकातल्या पसुकाच्या क्रमावरून आपल्या रब्बींनी काढले, हे आम्ही इस्राएलात आल्यावर शिकलो. बायला रब्बी माहीत नव्हते. तिच्या सासूने तसे केले होते म्हणून ती तसे करीत होती.

तेव्हा धान्याचा कण वाया जात नसे. उखळात भात सडला की तांदूळ घरात, कण्या पिल्लांना, कोंडा भिजवून मोठ्या कोंबड्यांना, तूस चुलीला. तेलघाणा ज्यांच्याकडे होता, त्या आपल्या शनवार तेल्यांच्या घरी पेंड बैलाला आणि घाण्याभोवती सांडलेले तीळ कोंबड्यांना. पुढे भाताची गिरण आली, कोंडा गिरणीतच राहू लागला आणि परसातल्या कोंबड्यांची अर्धी शिदोरी गेली. कोंबड्या मिरचीचे बी खुशाल खात. त्याचे आम्हांला नवल वाटे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा झोंबत नाही, हे आज शास्त्र सांगते. कोंबड्यांना गोडही कळत नाही.

पण पिल्लांचे खरे खाणे सुपात नव्हते. बाय आम्हां मुलांना वाळवीचे वारूळ शोधायला पाठवायची. वाळवी लागलेले सुके लाकूड आणून पिल्लांपुढे आपटले की ती तुटून पडत. नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही, त्याला किडा लागतो, हे तिला ठाऊक होते. आज पुस्तकात लिहितात की पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाच्या खाण्यात पाचवा हिस्सा प्रथिने असावीत. मोकळे पिल्लू म्हणूनच दाण्याआधी किडा धरते. आणि दात नसल्यामुळे खाल्लेले दळायला त्याला बारीक खडे गिळावे लागतात. ते पोटातल्या पेषणीत जात्याचे काम करतात.

आमच्या हातून घडलेले

आमचे वय तेव्हा नऊ असेल. पावसाळा होता. मुंगसाने आमची रवण उठलेली कोंबडी नेली आणि दहा दिवसांची नऊ पिल्ले पोरकी झाली. दोनच दिवसांनी अलिबागला नात्यात एलियाहू हन्नाबीचा मलिदा होता. बाय निघाली. जाताना तिने आम्हांला बजावले, पाऊस उघडला की पिल्लांना तासभर अंगणात सोड, मुंगूस येईल म्हणून तू तिथेच बस, आणि कण्या चिमटीने टाक.

अंगणात बसायचा आम्हांला कंटाळा आला. पिल्लांना डालग्याखाली झाकले, आत वाडगाभर भिजवलेल्या कण्या ठेवल्या. माया वाटली म्हणून गूळही घातला. दुसऱ्या दिवशी त्याच कण्यांवर आणखी कण्या. पाऊस थांबत नव्हता. कण्या आंबल्या, डालग्याखालची जमीन ओली झाली, पिल्ले मरगळून एका कोपऱ्यात गोळा झाली. बाय तिसऱ्या दिवशी आली तेव्हा पाच मेली होती.

आम्ही मार खायच्या तयारीने उभे राहिलो. तिने मारले नाही. मेलेली पिल्ले परसात पुरली, उरलेली चार पदरात घेतली आणि चुलीजवळ बसून एवढेच म्हणाली, "भरवलेस खूप रे, टिपायला कुठे दिलेस?"

तेव्हा आम्हांला तो दोष भिजलेल्या कण्यांचा वाटला. खरेही होते. ओल्या दिवसांत आंबलेले खाणे आणि ओली जमीन यांनी पिल्लांना हगवण लागते आणि ती पटापट जातात. पण बाय दुसरेच काही सांगत होती, हे समजायला आम्हांला फार वर्षे लागली.

टिपायचे शिक्षण

पिल्लू टिपायला कसे शिकते, हे एका इंग्रज गृहस्थाने शास्त्राच्या कसोटीवर लावून पाहिले. त्यांचे नाव डग्लस स्पाल्डिंग. १८७३ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लांच्या डोळ्यांवर ते लगेच टोपडे बांधत आणि एक ते तीन दिवसांनी काढीत. डोळे उघडल्यावर थोड्याच मिनिटांत ती पिल्ले किड्यावर नेमकी चोच मारू लागत. म्हणजे चोच मारणे हे पिल्लू पोटातून शिकून येते.

पण कशावर चोच मारायची, हे ते शिकून येत नाही. नवे पिल्लू जे बारीक, गोल आणि चकाकते त्यावर चोच मारते, मग तो दाणा असो, खडा असो की स्वतःच्याच पायाचे नख. त्याला घाई नसते. अंड्यातला पिवळा बलक निघण्याआधीच त्याच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर दोन-तीन दिवस निभतात. अमेरिकेत १९१८ सालापासून एक दिवसाची पिल्ले टपालाने पाठवतात, ती याच शिदोरीच्या जोरावर. ते दोन-तीन दिवस म्हणजे पिल्लाची बालवाडी. कोंबडी पायाने माती उकरते, एक पाऊल मागे सरते, दाणा चोचीत उचलते, परत खाली टाकते आणि विशिष्ट आवाजात कुक-कुक करते. पिल्ले धावत येऊन तिच्या चोचीखाली पाहतात. ती भरवत नाही. चिमणी, कबुतर, कावळा पिल्लांच्या चोचीत घास घालतात. कोंबडी फक्त दाखवते आणि टाकून देते.

क्लेमेंटीच्या हिरवळीवर आम्ही हे रोज पाहिले. ती कोंबडी मोठ्या झाडांखालचा पाचोळा उकरायची, पिल्ले वाळवी आणि मुंग्यांची अंडी टिपायची. गवताचे बी, झाडावरून गळलेली बारीक फळे, पावसानंतर वर आलेले गांडूळ. मांजरांसाठी कुणी ठेवलेल्या वाटीत सांडलेले दाणेही एकदा हाती लागले. गांडूळ मिळाले की एक पिल्लू ते घेऊन पळायचे आणि बाकीची त्याच्यामागे. नातू रोज संध्याकाळी मोजायचा. सातांची सहा झाली. मग पाच. कालव्याकडे घोरपडी आहेत, वर मैना आणि कावळे आहेत. एका दिवशी चारच दिसली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "सबा, आपण त्यांना भात द्यायला हवा होता का?"

आम्ही त्याला डालग्याखालच्या पाच पिल्लांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती घरात कुणाला सांगितली नव्हती. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, मग तुमची का मेली, ती तर तुमचीच होती ना? आम्ही म्हणालो, होय, त्यांचा दाणा आमच्यावर होता. म्हणून चूकही आमची होती. या पिल्लांचा दाणा त्यांच्या आईवर आहे, आणि ती तिचे काम करते आहे.

सातव्या आठवड्यात एक दिवस ती कोंबडी जवळ आलेल्या पिल्लाला चोचीने हाकलू लागली. नातवाला वाईट वाटले. आम्ही मात्र ओळखले. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हे होतेच. आता ती पुन्हा अंड्यावर येणार होती, आणि पिल्ले आपले पोट भरणार होती.

शेवटची सकाळ

आम्ही कुटुंबासह इस्राएलला निघालो, ती सकाळ आम्हांला आठवते. ट्रंका बैलगाडीत चढल्या होत्या. बायने कोंबड्या शेजारच्या आगरी बाईला देऊन टाकल्या होत्या, पण त्या अजून आमच्याच खुराड्यात होत्या. तिने फळी काढली, नेहमीसारख्या कण्या फेकल्या, मग चहा घेतला. शेजारीण म्हणाली, "बाय, आता कशाला गो, मी घालीन." बाय म्हणाली, "आज अजून माझ्यावर आहेत. उद्यापासून तुझ्यावर."

इस्राएलात आल्यावर तिने पुन्हा कोंबडी पाळली नाही. अंडी दुकानातून आली. सिंगापूरचेही तसेच झाले. १ जून २०२२ रोजी मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हा सिंगापूरला लागणाऱ्या कोंबड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या मलेशियातून येत होत्या. काही आठवडे ताजी कोंबडी मिळेना. लेक सांगत होती, खाली कोंबडा आरवतो आहे आणि बाजारात कोंबडी नाही, असे ते दिवस होते.

आपल्या समाजातल्या ज्येष्ठांना आम्ही नेहमी एकच तक्रार करताना ऐकतो, आणि आम्ही स्वतःही ती केली आहे. मुलांना मराठी येत नाही, नातवंडांना मलिदा ठाऊक नाही, बिरड्याचा सण ठाऊक नाही. आम्ही त्यांना भरवण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. वह्या आणल्या, अक्षरे गिरवायला लावली. त्या दोन महिन्यांत मात्र नातवाने मराठीचे नवे शब्द न गिरवता घेतले. उकरणे, टिपणे, खुडूक, वाळवी, कण्या. प्रत्येक शब्द त्याने आधी डोळ्यांनी पाहिला आणि मग विचारला, याला काय म्हणतात? आम्ही सांगायचे आणि गप्प बसायचे. बायचे म्हणणे पटायला आम्हांला साठहून अधिक वर्षे आणि एक विमानप्रवास लागला.

परवा त्याचा फोन आला होता. चारांपैकी तीन पिल्ले अजून दिसतात, त्यांतला एक कोंबडा आहे आणि तो अजून धड आरवत नाही, घोगरा ओरडतो, असे सांगत होता. मग म्हणाला, "सबा, तो अजून टिपतो." वाक्य मराठीतच होते.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी कोंबड्यांना काय घालीत, पिल्लांना कशाने वाढवीत आणि अंगणात त्यांना कसे हाकारीत, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी या मासिकाकडे चार ओळी लिहून पाठवाव्यात. पेणची आणि पनवेलची हाक वेगळी असेल, मुरुडची वेगळी. त्या हाका ऐकलेली माणसे आता आपणच उरलो आहोत.